बँकेतील ठेवीला विम्याचे कुंपण : किती भक्कम, किती लांब?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्याकडून आपण आजवर सुधारित वाण, पेरणीचे अंतर, खतांच्या मात्रा आणि तणनियंत्रण याविषयी ऐकत आला आहात. मी कृषिविद्येचा अध्यापक असल्यामुळे ते साहजिकच आहे. आज मात्र थोडा निराळा विषय घेतला आहे. पीक निघाले, बाजार समितीत विकले, हिशेबपट्टी हाती आली आणि पैसा खात्यावर जमा झाला, की आम्हा लोकांचा सल्ला तेथे संपतो. परंतु वर्षभर राबून उभा केलेला तो पैसा जेथे ठेवला तेथे सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न पिकाइतकाच महत्त्वाचा आहे. गोदामातील धान्याला कीड लागू नये म्हणून आपण काळजी घेतो, तशीच काळजी ठेवीच्या पावतीचीही घ्यावयास हवी.

मेळावा संपल्यावर चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. "बँक बुडाली तर पाच लाख मिळतात म्हणे. खरे का? आणि एवढे पैसे देणाऱ्याकडे तरी असतात का?" प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरे आज आकडेवारीसह देण्याचा प्रयत्न करतो. त्यापुढे आणखी एक तिसरा प्रश्न आहे, जो सहसा कोणी विचारत नाही. तो शेवटी सांगतो, कारण आपल्या दृष्टीने तोच सर्वात मोठा आहे.

ठेव विमा म्हणजे काय?

१९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली. त्याच वर्षी लक्ष्मी बँकही बुडाली. ठेवीदारांचे हाल झाले आणि लोकांचा बँकांवरील विश्वास डळमळला. त्यातून १९६१ मध्ये संसदेने ठेव विमा महामंडळाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ही योजना सुरू झाली. आज त्या संस्थेचे नाव ठेव विमा व पतहमी महामंडळ असे आहे. बँकेतील कर्मचारी तिला डीआयसीजीसी म्हणतात. महामंडळाचे ५० कोटी रुपयांचे सर्व भांडवल रिझर्व्ह बँकेचे आहे. १९६८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांना विमा देण्याची वाट मोकळी झाली. आपली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि नागरी सहकारी बँका या छत्राखाली आल्या त्या या दुरुस्तीमुळे.

सुरुवातीला विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास फक्त १,५०० रुपये होती. ती १९६८ मध्ये ५,०००, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,००० आणि १९८० मध्ये ३०,००० रुपये झाली. १ मे १९९३ पासून ती एक लाख रुपये करण्यात आली. त्यानंतर तब्बल सव्वीस वर्षांहून अधिक काळ ती हलली नाही. महागाई वाढत गेली, जमिनीचे व शेतमालाचे भाव वाढत गेले, पण मर्यादा तेवढीच राहिली. अखेर ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली.

या विम्याचा हप्ता ठेवीदाराने भरावयाचा नसतो, तो बँक भरते आणि बँकेला तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून हा हप्ता दर शंभर रुपयांच्या ठेवीस वर्षाला १२ पैसे असा ठरविण्यात आला. म्हणजे पाच लाखांच्या ठेवीमागे वर्षाला ६०० रुपये. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. हप्ता बँकेच्या सर्व ठेवींवर आकारला जातो, पण संरक्षण मात्र पाच लाखांपर्यंतच मिळते. म्हणजे मोठ्या ठेवींवर जमा झालेला हप्ता लहान ठेवीदारांच्या संरक्षणास उपयोगी पडतो. योजनेचा हेतूच तो आहे.

निधी किती आणि जबाबदारी किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या हप्त्यांतून आणि त्यावरील व्याजातून जमलेल्या पैशाला ठेव विमा निधी म्हणतात. तो केंद्र सरकारच्या रोख्यांत गुंतविला जातो. ३१ मार्च २०२४ रोजी हा निधी सुमारे १ लाख ९९ हजार कोटी रुपये होता. ऐकताना आकडा प्रचंड वाटतो. पण त्याच दिवशी देशातील विमापात्र ठेवी सुमारे २१८ लाख कोटी रुपये होत्या आणि त्यांपैकी पाच लाखांच्या मर्यादेत बसणाऱ्या, म्हणजे प्रत्यक्ष संरक्षित ठेवी सुमारे ९४ लाख कोटी रुपये होत्या. भागाकार केला तर संरक्षित ठेवींच्या दर शंभर रुपयांमागे निधीत २ रुपये ११ पैसे होते.

शंभराला दोन रुपये! हे ऐकून कोणीही दचकेल. म्हणून हा आकडा कसा वाचावा ते आपल्या शेताच्या भाषेत सांगतो.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेले शेततळे पूर्ण भरले तर त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. पिकाला ५ सेंटिमीटर खोलीची एक संरक्षित पाळी द्यावयाची तर हेक्टरी ५०० घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवन व झिरपा सोडून दिला तरी त्या तळ्यातून चार हेक्टरांच्या वर एक पाळी निघत नाही. आता कोणी म्हणाले, "गावचे शिवार हजार हेक्टरांचे आहे, मग हे तळे काय कामाचे?" तर आपण त्याला काय सांगाल? आपण सांगाल की हे तळे साऱ्या शिवारासाठी नाहीच. पावसाचा खंड पडला असता ज्या चार हेक्टरांतील पीक सुकू लागेल, ते वाचविण्यासाठी ते आहे. साऱ्या तालुक्यात दुष्काळ पडला तर शेततळे पुरत नाही, तेथे धरणाचे पाणी सोडावे लागते.

ठेव विमा निधी हे असेच शेततळे आहे. सर्व बँका एकाच दिवशी बुडतील असे गृहीत धरून तो उभारलेला नाही. एखाद-दुसरी किंवा वर्षाकाठी काही लहान-मध्यम बँका अडचणीत आल्या तर त्यांच्या ठेवीदारांना वेळेवर पैसे देण्यासाठी तो आहे.

लहान बँकांसाठी निधी पुरेसा आहे काय?

येथे उत्तर निःसंदिग्ध आहे : होय. अलीकडचे सर्वात मोठे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसी बँकेचे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. या प्रकरणात महामंडळाला साडेतीन हजार कोटींहून अधिक रक्कम द्यावी लागली. निधीच्या तुलनेत हे दोन टक्क्यांच्या आसपास आहे. २०२३-२४ या एका वर्षात महामंडळाकडे हप्त्यापोटी जवळपास २३,९०० कोटी रुपये जमा झाले. म्हणजे एका वर्षाच्या हप्त्यातून पीएमसीसारख्या सहा बँकांचे दावे भागू शकतात. तळ्याला येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

योजना सुरू झाल्यापासून व्यापारी बँकांच्या ठेवीदारांना महामंडळाने दिलेली रक्कम ३०० कोटींच्याही आत आहे, तर सहकारी बँकांच्या ठेवीदारांना हजारो कोटी रुपये द्यावे लागले. हप्त्यापैकी फार मोठा वाटा मात्र व्यापारी बँका भरतात. सहकारातील माणसाने हे समजून घेतले पाहिजे. ठेवीदाराला विमा आहे म्हणून संचालक मंडळाने कर्जवाटपात ढिलाई करावी, हे त्यातून अभिप्रेत नाही. अनेक वर्षे चांगली बँक आणि कच्ची बँक एकाच दराने हप्ता भरत होत्या. बागायती आणि जिरायती पिकाला एकच विमा हप्ता लावावा तसाच हा प्रकार होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जोखमीनुसार हप्ता आकारण्याची पद्धत २०२६-२७ या आर्थिक वर्षापासून आणण्याचे जाहीर केले. नीट कारभार करणाऱ्या बँकेला कमी हप्ता, हे तत्त्व योग्यच आहे.

मोठी बँक कोसळली तर?

येथे मात्र उत्तर वेगळे आहे : केवळ या निधीवर भागणार नाही. एकट्या स्टेट बँकेच्या ठेवी मार्च २०२४ अखेर सुमारे ४९ लाख कोटी रुपये होत्या. त्यांतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवी जरी धरल्या तरी दोन लाख कोटींचा निधी त्यापुढे तोकडा आहे. आणि निधी संपला तर उसने कोठून आणावयाचे? मूळ कायद्यात महामंडळाला रिझर्व्ह बँकेकडून उसनवारी करण्याची तरतूद आहे, पण तिची कमाल मर्यादा अवघी पाच कोटी रुपये ठेवलेली आहे. आजच्या जबाबदारीपुढे ही रक्कम नाममात्र आहे. या तरतुदीकडे धोरणकर्त्यांनी लक्ष द्यावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मोठ्या बँकेचा ठेवीदार वाऱ्यावर आहे काय? अनुभव तसे सांगत नाही. मोठी बँक अडचणीत आली तर रिझर्व्ह बँक व सरकार तिला बुडू देण्याऐवजी दुसऱ्या बँकांच्या आधाराने सावरतात किंवा विलीन करतात. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले, स्टेट बँक व अन्य बँकांनी मिळून तिच्यात सुमारे दहा हजार कोटी रुपये घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक दहा दिवसांत डीबीएस बँकेत विलीन झाली. या प्रकरणांत विमा निधीला हात लावण्याची वेळच आली नाही. शेततळ्यामागे धरण आहे ते असे. पण एक लक्षात ठेवावे. धरणाचे पाणी सोडावयाचे की नाही, हा त्या वेळी घेतला जाणारा निर्णय असतो. विमा हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. दोहोंत फरक आहे.

परदेशातही हेच चित्र दिसते. अमेरिकेतील ठेव विमा महामंडळ १९३३ पासूनचे आहे. तेथील कायद्याने निधी संरक्षित ठेवींच्या किमान १.३५ टक्के असावा असे ठरविले असून महामंडळाने स्वतःपुढे २ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे टक्केवारीत आपला निधी कमी नाही. तरीही २००९ मध्ये तेथे १४० बँका बुडाल्या आणि वर्षअखेर त्यांचा निधी उणे झाला. तेव्हा त्यांनी बँकांकडून तीन वर्षांचा हप्ता आगाऊ घेतला. शिवाय त्यांना सरकारी तिजोरीतून १०० अब्ज डॉलरपर्यंत उसनवारीची सोय आहे. निधी किती आहे याबरोबरच तो आटला तर भरण्याची सोय काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते, हा त्यातून घेण्याचा धडा आहे.

मर्यादा वाढविली की निधी पातळ होतो

"पाच लाखांऐवजी दहा लाख करा" अशी मागणी अनेकदा होते. २०२५ च्या सुरुवातीला मर्यादा वाढविण्याचा विचार चालू असल्याचे अर्थ मंत्रालयाकडून सांगण्यातही आले होते. मागणी रास्त आहे, पण तिचा खर्च समजून घ्यावा. मर्यादा एक लाख होती तेव्हा, ३१ मार्च २०१९ रोजी, देशातील ठेवींपैकी सुमारे २८ टक्के रक्कमच संरक्षित होती. मर्यादा पाच लाख झाल्यावर ३१ मार्च २०२० रोजी हे प्रमाण ५१ टक्क्यांच्या आसपास गेले. फायदा झाला. परंतु त्याच वेळी निधीचे संरक्षित ठेवींशी प्रमाण सुमारे २.८ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. तळे तेवढेच, भिजवावयाचे क्षेत्र मात्र दुप्पट. त्यानंतर चार वर्षांत ते प्रमाण पुन्हा दोनच्या वर आले. दुसरीकडे, ठेवी वाढत गेल्याने संरक्षित रकमेचा वाटा मार्च २०२४ पर्यंत पुन्हा ४३ टक्क्यांवर घसरला. खात्यांच्या संख्येने पाहिले तर सुमारे ९८ टक्के खाती पूर्ण संरक्षित आहेत. पण हंगामाचा पैसा किंवा जमिनीचा मोबदला एकदम हाती येणारा शेतकरी त्या उरलेल्या दोन टक्क्यांत केव्हा जाऊन बसतो ते त्यालाही कळत नाही.

पैसे केव्हा मिळतात?

पूर्वीची मोठी अडचण निधीची नव्हती, वेळेची होती. बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत विम्याची रक्कम मिळत नसे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. एवढी वर्षे ठेवीदाराने मुलीचे लग्न, आजारपण, पेरणी कशावर काढावी? २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून ती लागू झाली. आता बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यावयाची, पुढील ३० दिवसांत महामंडळाने ती तपासावयाची आणि त्यानंतर १५ दिवसांत पैसे द्यावयाचे. एकूण ९० दिवस. विलीनीकरणाची योजना चालू असेल तर रिझर्व्ह बँक आणखी ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. या दुरुस्तीमुळेच रुपी बँकेच्या ठेवीदारांना परवाना रद्द होण्यापूर्वीच सुमारे ७०० कोटी रुपये मिळाले.

मात्र पैसे आपोआप घरी येत नाहीत. ठेवीदाराने बँकेत दाव्याचा अर्ज, ओळखीची कागदपत्रे आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील मुदतीत द्यावा लागतो. खात्याची केवायसी अपुरी असेल तर नाव यादीतून मागे पडते.

विम्याचे नियम : शेतकऱ्यासाठी महत्त्वाचे मुद्दे

१. मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास आहे, प्रत्येक पावतीस नाही. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या असल्या तरी त्यांची बेरीज होते. बचत, चालू, आवर्त व मुदत ठेव हे सर्व त्यात येते.

२. मर्यादेत मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. साडेचार लाख रुपये ७ टक्के दराने व्याज न उचलता दोन वर्षे ठेवले तर रक्कम पाच लाखांवर जाते. तेवढी जागा सोडून ठेव ठेवावी.

३. पतीची ठेव, पत्नीची ठेव आणि दोघांची संयुक्त ठेव यांना वेगवेगळी मर्यादा मिळते. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून ठेवलेली ठेव आणि अज्ञानाचा पालक म्हणून ठेवलेली ठेवही स्वतंत्र धरली जाते.

४. बँकेला येणे असलेली रक्कम वजा करून उरलेल्या ठेवीवर विमा मिळतो. समजा, एकाच बँकेत आपली चार लाखांची ठेव आहे आणि तीन लाखांचे पीककर्ज थकले आहे. तर तीन लाख कर्जात वळते होऊन हाती एकच लाख येईल. कर्ज फिटेल हे खरे, पण पेरणीसाठी रोख पैसा उरणार नाही. म्हणून कर्ज ज्या बँकेचे, तेथेच सर्व बचत ठेवू नये.

५. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट किंवा संस्था ही एक ठेवीदार समजली जाते. कंपनीच्या चालू खात्यात सोयाबीन विक्रीचे चाळीस लाख रुपये पडून असतील आणि ती बँक अडचणीत आली, तर विमा पाच लाखांचाच मिळेल. मागे सभासद तीनशे आहेत की पाचशे, याला महत्त्व नाही. संचालकांनी हा मुद्दा सभेत जरूर घ्यावा.

कुंपणाबाहेरचे शेत

आता तो तिसरा प्रश्न. निधी पुरेसा आहे की नाही, हे आपण विचारतो. पण आपला पैसा त्या निधीच्या लाभक्षेत्रात तरी आहे का, हे विचारत नाही.

ठेव विमा फक्त बँकांना आहे. गावातील विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीला तो नाही. ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थेला नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेला नाही, मग तिचे कार्यालय कितीही झगझगीत असो, संगणक, लॉकर आणि वातानुकूलित दालन असो. तेथे ठेवलेल्या पाच रुपयांवरही या निधीचा थेंब पडत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटपासून बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटपर्यंत ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांना नव्वद दिवसांचा कायदा लागू झाला नाही. तेथे वसुली, जप्ती आणि न्यायालय एवढीच वाट उरते. बहुराज्यीय सहकारी संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्त्या होऊन लोकपाल व पुनर्वसन निधीची तरतूद झाली, पण तो ठेवीचा विमा नव्हे.

चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आपल्या राज्यात पुष्कळ आहेत, आणि अडीनडीला त्यांनीच शेतकऱ्याला कर्ज दिले हेही खरे. पतसंस्थांत पाऊल ठेवू नये असे मी म्हणत नाही. पण तेथे एक-दोन टक्के अधिक व्याज मिळते ते कशाबद्दल, हे समजून पैसे ठेवावेत. शिवाय पतसंस्था आपला पैसा पुन्हा एखाद्या बँकेत ठेवते. ती बँक अडली तर पतसंस्थेला एक ठेवीदार म्हणून पाचच लाखांचे संरक्षण मिळते. पीएमसी बँकेच्या योजनेत संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ८० टक्के रक्कम नव्या बँकेच्या प्राधान्य भागांत रूपांतरित झाली. संस्थेला रोख पैशाऐवजी भाग मिळाले, तर तिने आपल्या ठेवीदारांना काय द्यावे?

आपण काय करावे?

समृद्धी महामार्ग, धरणे आणि रस्ते यांसाठी जमिनी गेल्या आणि अनेक शेतकऱ्यांच्या हाती पिढीत एकदाच येणारा पैसा आला. जमीन गेली, ती परत येणार नाही. तिच्या बदल्यात आलेला पैसा गेला तर पुढच्या पिढीला काहीच उरणार नाही. अशा कुटुंबांनी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

पैसा स्वीकारणारी संस्था बँक आहे की पतसंस्था, हे पावतीवरील पूर्ण नाव वाचून पाहावे. बँक असेल तर ठेव विमा महामंडळाकडे नोंदणी आहे का, हे व्यवस्थापकास विचारावे. विमाधारक बँकांची यादी महामंडळ प्रसिद्ध करते.

मोठी रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता वेगवेगळ्या बँकांत आणि कुटुंबातील व्यक्तींच्या नावे विभागावी. आपण साऱ्या रानात एकच पीक घेत नाही, आंतरपीक घेतो, त्यामागील तत्त्व हेच आहे. मात्र नावे विभागताना घरात विश्वास व लेखी हिशेब असावा आणि प्रत्येक ठेवीला वारसाचे नामनिर्देशन असावे.

सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक अहवाल जेवणाच्या पंगतीनंतर घडी करून ठेवू नये, वाचावा. त्यात तीन आकडे पाहावेत : लेखापरीक्षणाचा वर्ग, अनुत्पादक कर्जांचे प्रमाण आणि भांडवल पर्याप्तता. शेवटचा आकडा किमान ९ टक्के असावयास हवा. मोठ्या नागरी बँकांना त्याहून अधिक लागतो. अनुत्पादक कर्जे दरवर्षी वाढत असतील तर सर्वसाधारण सभेत उभे राहून कारण विचारावे. तो आपला हक्क आहे.

आसपासच्या सर्व बँकांपेक्षा एखादी संस्था फारच जास्त व्याज देत असेल तर आनंदाने धावत जाण्याऐवजी थोडे थांबावे. बियाण्याच्या पिशवीवर अवास्तव उत्पादनाचा दावा छापलेला पाहिला की जाणता शेतकरी जसा थांबतो, तसेच.

सारांश असा, की लहान व मध्यम बँकांच्या ठेवीदारांना पाच लाखांपर्यंत देण्याइतका निधी आपल्या देशात आहे. २०२१ च्या दुरुस्तीमुळे तो वेळेत मिळण्याची सोयही झाली आहे. फार मोठ्या बँकेसाठी तो पुरणारा नाही आणि तेथे सरकार व रिझर्व्ह बँकेवर भिस्त आहे. निधी आटल्यास तो भरण्याची कायदेशीर सोय अधिक भक्कम व्हावयास हवी. पण ग्रामीण भागातील ठेवीदारांचे मोठे नुकसान निधी कमी पडल्यामुळे झालेले नाही. ते पैसा पाच लाखांच्या वर एका जागी राहिल्यामुळे किंवा विमा नसलेल्या संस्थेत ठेवल्यामुळे झाले आहे. निधीचा आकार आपल्या हातात नाही, पावती कोठे करावयाची हे मात्र आपल्या हातात आहे.

आज घरी गेल्यावर कपाटातील सर्व पावत्या व पासबुके काढून एका कागदावर संस्थेचे नाव, रक्कम, कोणाच्या नावे आहे आणि त्याच संस्थेचे कर्ज किती, असे चार रकाने आखून लिहून काढावे. या कामाला अर्धा तास पुरतो. तो कागद घेऊन कोणी भेटल्यास आपण मिळून पाहू.